१९७४च्या कॅम्पर व्हॅनचे पार्ट शोधताना

जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचा पार्ट मागितला की विकणारा आधी विचारतो, "कुठल्या सालची?" आणि लगेच पुढे, "ऑगस्टच्या आधीची की नंतरची?" या दुसऱ्या प्रश्नावर बरंच काही अवलंबून असतं. फोक्सवॅगनचं मॉडेल-वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. उन्हाळ्याची सुट्टी संपवून कारखाना ऑगस्टमध्ये उघडला की पुढच्या सालचं मॉडेल बाहेर पडायला लागायचं. आमची व्हॅन जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात १९७३च्या नोव्हेंबरात तयार झाली. इंग्लंडात तिची नोंद झाली १९७४च्या मार्चमध्ये. म्हणून पार्टांच्या हिशोबात ती १९७४ची. त्याच १९७३च्या जूनमध्ये बनलेली व्हॅन मात्र १९७३चं मॉडेल धरायची, आणि तिच्यात मोठं इंजिन असेल तर ते १७०० सीसीचं. आमच्यात १८००चं आहे. मधे पाच महिने गेले, पण पिस्टन वेगळे, सिलिंडर वेगळे.

आम्ही लेस्टरला राहतो. व्हॅन एका निवृत्त जोडप्याकडून घेतली, त्यांच्या शेडमध्ये ती बरीच वर्षं उभी होती. फोक्सवॅगन टाइप २, दुसऱ्या पिढीची, इथे जिला 'बे विंडो' म्हणतात ती. समोर एकच मोठी बाकदार काच, मागे एअर-कूल्ड इंजिन, आत 'डेव्हन'चं लाकूडकाम, दोन बर्नरची शेगडी, वर उघडणारं छत. इंजिन फिरत होतं. ब्रेक जाम होते आणि दारांखालच्या पत्र्याची चाळण झाली होती. पार्ट शोधायचं काम मी अंगावर घेतलं. माझं माहेर कोल्हापूरचं. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं दुकान होतं, ते आता दादा चालवतो. शाळेतून आल्यावर तिथेच बसायचे, त्यामुळे मोजमापाचं व्हर्नियर आणि ऑइलचा वास या दोन्हींची सवय लहानपणापासूनची.

पार्ट शोधण्याआधी आपल्याकडे नेमकी कोणती गाडी आहे हे पक्कं करावं लागतं. पन्नास वर्षांत अनेक मालकांचे हात लागलेल्या गाडीत हे काम मोठं असतं. पहिला पुरावा चासी नंबरचा. तो इंजिनाच्या खणात पत्र्यावर ठोकलेला असतो. १९७०च्या दशकातल्या या व्हॅनचा नंबर दहा आकडी. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा मॉडेल-वर्षाचा शेवटचा आकडा. आमच्या नंबरात तिसरा आकडा ४. दुसरा पुरावा म्हणजे पुढच्या सीटमागे लावलेली एक छोटी पत्र्याची पट्टी. जाणकार तिला 'एम-प्लेट' म्हणतात. आमच्या पट्टीवर कुणीतरी दोन थर रंग फासला होता. थिनरमध्ये बुडवलेल्या कापडानं हलक्या हातानं पुसत गेले तसे आकडे वर आले. बनवल्याची तारीख, रंग, इंजिन, गिअरबॉक्स, कुठल्या देशात जायची, कारखान्यातून कोणत्या जादा गोष्टी बसवून निघाली, सगळं सांकेतिक आकड्यांत. हौशी लोकांनी या आकड्यांचे अर्थ वर्षानुवर्षं गोळा करून ठेवलेत. त्यांच्या चिकाटीचे माझ्यासारख्यांवर फार उपकार आहेत.

पट्टीत एक गोष्ट मात्र नसते. फोक्सवॅगननं हॅनोव्हरहून पाठवली ती बिनसामानाची व्हॅन. तिची कॅम्पर झाली ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सिडमथ गावात, जे. पी. व्हाइट या लाकूडकामाच्या कंपनीत. 'डेव्हन' हे तिच्या कॅम्परचं नाव. म्हणजे कपाटं, टेबल, शेगडी, छत यांतलं काहीही फोक्सवॅगनच्या पार्टांच्या यादीत सापडत नाही. शोध सुरुवातीपासूनच दोन गाड्यांचा होता, एक हॅनोव्हरची आणि एक सिडमथची. हॅनोव्हरची सोपी, कारण तिच्या प्रत्येक नट-बोल्टाला नंबर आहे.

हे नंबर वाचायला शिकणं फार उपयोगी पडलं. पहिले तीन आकडे तो भाग मुळात कुठल्या गाडीसाठी बनला ते सांगतात. २११ म्हणजे आमची व्हॅन, १११ किंवा ११३ म्हणजे बीटल, ०२१ म्हणजे आमच्या जातीचं मोठं इंजिन. पुढचे तीन आकडे गाडीतला विभाग, शेवटचे तीन तो नेमका भाग. डाव्या-उजव्या जोडीत डावीकडच्याला विषम आकडा, उजवीकडच्याला सम. शेवटी अक्षर असेल तर त्या भागात नंतर सुधारणा झाली आहे. एवढं डोक्यात बसलं की जुन्या बाजारात धुळीनं माखलेला डबा उचलून, त्यावरचा नंबर वाचून, तो आपल्या कामाचा की नाही हे जागेवर कळतं. विकणाऱ्यालाही अनेकदा ते ठाऊक नसतं.

नंबर १११ किंवा ११३नं सुरू झाला की मला हायसं वाटायचं. बीटल जगभरात दोन कोटींहून जास्त बनल्या, मेक्सिकोत तर २००३च्या जुलैपर्यंत बनत होत्या, त्यामुळे तिच्याशी सामाईक असलेले भाग आजही नवे आणि स्वस्त मिळतात. व्हॅनचंही तसंच. जर्मनीत ती १९७९ला थांबली, पण ब्राझीलमध्ये साओ पाउलोजवळच्या कारखान्यात २०१३च्या डिसेंबरपर्यंत निघत होती. तिथे एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले तेव्हा थांबली.

खरी अडचण ०२१ची. आमचं इंजिन बीटलचं नाही. ते 'टाइप ४' घराण्यातलं, अल्युमिनियमच्या केसचं, जास्त दणकट. हे घराणं फोक्सवॅगन ४११ आणि ४१२ या मोटारींत होतं, पोर्शे ९१४मध्ये होतं आणि आमच्यासारख्या व्हॅनमध्ये. बीटलच्या मानानं ही संख्या किरकोळ. शिवाय पोर्शेवाले त्याच भागांसाठी आपल्यापेक्षा जास्त पैसे मोजायला तयार असतात. क्रँककेसवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचावरचा, इंजिन नंबर 'एपी' अक्षरांनी सुरू होतो हे पाहिलं तेव्हा आनंद झाला, गाडीचं मूळचं १८००चंच इंजिन शाबूत होतं. पण पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे मूळचे दोन कार्ब्युरेटर कुठल्यातरी मालकानं काढून टाकले होते आणि मधोमध एकच बसवला होता. थंडीत गाडी चढावर अडखळायची. मधल्या कार्ब्युरेटरपासून दोन्ही बाजूंच्या सिलिंडरपर्यंतचे पाइप लांब पडतात, इंग्लंडच्या ओल्या थंडीत ते गारठतात आणि पेट्रोलची वाफ नीट पोचत नाही. मूळचे दोन 'सोलेक्स ३४ पीडीएसआयटी' परत मिळवायचे असं मी ठरवलं.

सुरुवात मात्र ब्रेकपासून केली. चालणं नंतर बघू, आधी थांबणं. पुढचे डिस्क ब्रेक या व्हॅनला १९७०च्या ऑगस्टपासून आले, पण १९७२च्या ऑगस्टमध्ये कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, बदलले. आधीच्या दोन वर्षांचे पॅड नंतरच्यात बसत नाहीत. एका दुकानाच्या यादीत '१९७०-७९ सगळ्यांना चालतं' असं लिहिलं होतं. मी फोन करून विचारलं, तारीख सांगितली, तेव्हा समोरच्यानं आत जाऊन खरोखर मोजून पाहिलं आणि यादीतला जोड आमचा नाही हे त्यानंच सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरमध्ये चासी नंबर लिहायचा आणि मोजमाप टाकायचं हा नेम ठेवला. दुकानदारही अशा गिऱ्हाइकाशी मनापासून बोलतात.

नवं काय घ्यायचं आणि जुनं काय शोधायचं याबद्दल माझं मत इथेच पक्कं झालं. ब्रेक, रबर आणि गॅस या तीन गोष्टी कायम नव्या, नामांकित कंपनीच्या आणि ताज्या. न वापरलेला पण चाळीस वर्षं डब्यात पडून राहिलेला रबरी पाइप अस्सल असला तरी माझ्या कामाचा नाही, कारण रबर पडूनही म्हातारं होतं. पेट्रोलच्या पाइपांच्या बाबतीत तर हे जिवावरचं आहे. इंजिन मागे बंद खणात, टाकी त्याला लागूनच, आणि पाइप चिरला तर पेट्रोल गरम इंजिनावर. या व्हॅन जळतात त्या बहुतेक अशा. त्यात ब्रिटनमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या जातीचं रबर ते सहन करत नाही. मी 'आर ९' दर्जाचे पाइप घेतले, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एकूणएक बदलले, टाकीच्या वरचे हवेचे बारीक पाइपसुद्धा. त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागलं. गाडीत आम्ही महागडं सुपर पेट्रोल भरतो, त्यात इथेनॉल जास्तीत जास्त पाच टक्के असतं.

धातूचं मात्र उलट आहे. ओतीव लोखंड, घडीव पोलाद, जाड पत्रा हे जुनं असलं तरी साफ करून, मोजून, दुरुस्त करून घेतलेलं मला नव्या नकलेपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. पत्र्याच्या कामात हे फार जाणवलं. दाराखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या चाकांच्या कमानी, हे सगळं नव्यानं बनवणारे बरेच आहेत. त्यातला एक स्वस्त संच मागवून पाहिला. कागदावर बरोबर, गाडीला लावला तर कडेची घडी तिसरीकडेच. आमच्या वेल्डरनं तो हातात घेऊन वाकवला आणि म्हणाला, यात माझे दोन दिवस जातील आणि तरी रेघ जुळणार नाही. तो परत पाठवला आणि जाड पत्र्याचा, जवळजवळ दुप्पट किमतीचा घेतला. वेल्डरच्या मजुरीत फरक वसूल झाला. जिथे गंज फक्त खालच्या चार बोटांत होता तिथे त्यानं अख्खा पत्रा कापला नाही. खराब तेवढा काढला आणि सपाट पत्र्यातून तुकडा घडवून जोडला. मूळचा जितका पत्रा ठेवता येईल तितका ठेवायचा, या त्याच्या हट्टाशी मी पूर्ण सहमत आहे.

उजवीकडच्या स्टिअरिंगनं शोध आणखी अरुंद केला. कॅलिफोर्नियात कोरड्या हवेत राहिलेल्या, गंज न लागलेल्या व्हॅनचे भाग विकायला असतात, पण वायपरची यंत्रणा आम्हाला तिथली चालत नाही. डॅशबोर्डच्या मागे दांड्यांची सगळी मांडणी उलट्या बाजूची आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका एवढ्याच ठिकाणी बघायचं. आमच्या वायपरचा सांगाडा शेवटी ऑस्ट्रेलियातून आला. त्याचे स्पिंडल घट्ट होते, पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये ठेवून सुटले. जर्मनीहून मागवायचं झालं की आता किमतीत व्हॅट आणि कस्टमचे कागद धरावे लागतात, २०२१च्या जानेवारीपासून हे सुरू झालं. त्यामुळे लहानसहान भाग एकेक मागवणं परवडत नाही. मी यादी साठवत राहते आणि एकदम मागवते.

कार्ब्युरेटर मिळाले ते जुन्या सामानाच्या बाजारात. आमच्यापासून जवळच, लटरवर्थ गावाबाहेर स्टॅनफर्ड हॉल नावाच्या जुन्या वाड्याच्या मैदानात फोक्सवॅगनवाल्यांचा मेळा भरतो. दक्षिणेला न्यू फॉरेस्टमध्ये ब्युली इथे सप्टेंबरात सगळ्याच जुन्या गाड्यांच्या सामानाचा प्रचंड बाजार भरतो. तो १९६७पासून चालू आहे. पुण्याचा जुना बाजार पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. गवतावर ताडपत्री, तिच्यावर डायनॅमो, हेडलाइटच्या रिंगा, गंजलेल्या नट-बोल्टांचे डबे, आणि मागे खुर्चीत चहाचा मग घेऊन बसलेला माणूस. मी सोबत व्हर्नियर, चुंबक, टॉर्च आणि नंबरांची वही घेऊन जाते. पत्र्यावर जाड लांबी भरून रंग दिला असेल तर चुंबक चिकटत नाही, लगेच कळतं.

एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे दोन सोलेक्स एका दोरीनं बांधून ठेवलेले होते. मूळ संच मोडून लोकांनी असे कितीतरी कार्ब्युरेटर अडगळीत टाकले. त्यानं स्वतः गिऱ्हाइकांच्या गाड्यांमधून काढलेले जपून ठेवले होते, कारण 'कधीतरी कुणाला परत लागतील'. ते जोडीनंच घ्यायचे असतात. एकाच्या अंगावर -२ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर -३, दिसायला सारखे, आतली रचना वेगळी. मी पहिल्यांदा पाहिली ती थ्रॉटलची दांडी. बोटांत धरून आडवी हलवली तर खटखट हलत होती. म्हणजे भोक झिजलंय, तिथून हवा खेचली जाणार आणि गाडी आयडलला स्थिर राहणार नाही. हे त्याला दाखवलं. त्यानं मान डोलावली, किंमत कमी केली आणि कॉव्हेंट्रीजवळच्या एका मशीन शॉपचा पत्ता दिला. तिथे भोकं रीम करून पितळी बुश बसवले, नव्या दांड्या टाकल्या. आज दोन्ही कार्ब्युरेटर जागेवर आहेत आणि चढावर गाडी एका दमात जाते. मूळचं इंजिन मूळच्या श्वासानं चालताना ऐकणं हे मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोठं समाधान वाटतं.

सिडमथच्या गाडीसाठी ना नंबर होते ना यादी. शेगडी जुनीच ठेवली, पण पाइप, रेग्युलेटर आणि जोडण्या सगळ्या नव्या, आणि काम गॅसचा परवाना असलेल्या फिटरकडून. छताचं कॅनव्हास एका शिलाई करणाऱ्या बाईंनी जुन्यावरून माप घेऊन शिवून दिलं. अडलं ते छत उचलून धरणाऱ्या अल्युमिनियमच्या ब्रॅकेटपाशी. एक धड होता, एक मधोमध तुटलेला. कुठेच मिळेना. अल्युमिनियमचं वेल्डिंग करून पाहावं तर जुन्या ओतीव धातूत हवेची भोकं, नवा टाका शेजारी तडकतो. डोक्यावर दोन मुलं झोपणार त्या छताला असा सांधा मला नको होता.

कोल्हापूरला गेले तेव्हा दोन्ही ब्रॅकेट घेऊन गेले. "दादा, हा धड आहे. यावरूनच वाळूत ठसा घेऊन ओतता येईल ना?"

त्यानं हातात घेऊन फिरवून पाहिला. "ओतता येतंय की. पण पीस आखडणार बघ. अल्युमिनियम थंड होताना शंभराला सव्वा मिलिमीटर जातंय. तुझी भोकं जुळायची न्हाईत. पॅटर्न वेगळा करू, थोडा वाढवून."

पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना, त्याच्या ओळखीच्या कारागिरानं लाकडात केला. जिथे झीज होती तिथे जुन्या ब्रॅकेटचं माप न घेता कमी झिजलेल्या बाजूवरून मूळ माप काढलं. कोपरा जिथे तुटला होता तिथे आतून गोलाई थोडी वाढवली, कारण तडा तिथूनच निघाला होता. बाहेरून फरक दिसत नाही. ओतकाम शिरोलीच्या एका फाउंड्रीत, एलएम ६ मिश्रधातूत. ओल्या हवेत टिकणारा म्हणून दादानंच तो सुचवला. भोकं त्यानं स्वतः जिग लावून पाडली. पॅटर्न झालाच आहे तर चार जास्त ओतू, हे त्याचं म्हणणं. पुढच्या उन्हाळ्यात आई लेस्टरला आली तेव्हा तिच्या बॅगेतून कांदा-लसूण चटणीच्या डब्याशेजारी ते सगळे ब्रॅकेट आले. पहिल्याच फटक्यात बोल्ट बसले.

उरलं होतं हीट एक्स्चेंजर. या इंजिनात केबिनची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या पत्र्याच्या पेटीतून येते. आमचं उजवीकडचं चांगलं, डावीकडच्याला आतून भोक. बाहेरून काही दिसत नव्हतं. एक्झॉस्टच्या पाइपात टॉर्च सोडला आणि भोवतीच्या हवेच्या पेटीत उजेड दिसला तेव्हा कळलं. अशा भोकातून एक्झॉस्टचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड, हीटरच्या हवेबरोबर थेट गाडीत येतो. त्याला वास नसतो. दुसरं एक्स्चेंजर सापडेपर्यंत हीटरचे दोन्ही पाइप बंद करून ठेवले आणि हिवाळ्यात गाडी फारशी काढली नाही. एअर-कूल्ड व्हॅनचा मालक हे वाचत असेल तर त्यानं थंडीच्या आधी हा टॉर्च लावून बघावाच.

१८००च्या इंजिनाचं हे डावं एक्स्चेंजर बाजारात दिसत नव्हतं, दिसलं तर फुटकं. मग स्टॅनफर्ड हॉलच्या मेळ्यात एक गृहस्थ आमच्या व्हॅनचं छत निरखत उभे राहिले. त्यांचीही डेव्हन, त्याच काळातली, आणि त्यांचे दोन्ही ब्रॅकेट गेलेले. छत लाकडाच्या दांड्यानं टेकवून ठेवत होते. दादाचे जास्तीचे ब्रॅकेट बघून त्यांनी विचारलं, हे काय किमतीला देणार? मी विचारलं, तुमच्याकडे १८००ची एक्झॉस्टची डावी बाजू आहे का? त्यांनी एक जुनं इंजिन खोलून ठेवलेलं होतं. पुढच्या शनिवारी ते एक्स्चेंजर घेऊन घरी आले. मी टॉर्च लावला, आत पूर्ण अंधार होता, जोडायच्या कडा (फ्लँज) सपाट होत्या. फक्त हवेची झडप गंजून बसली होती. ती तेलात भिजवून, हळूहळू हलवत मोकळी केली. त्यांनी दोन ब्रॅकेट नेले, पैशांचा विषय निघाला नाही. आता एक्झॉस्टचे नवे स्टड आले आहेत, जुने काढताना तुटू नयेत म्हणून रोज थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडते आहे, आणि थंडी पडायच्या आत ते बसवायचं आहे.